ऑपरेशन झालं, पण ओठांभोवतीच्या मुंग्या थांबेनात

पत्र : आठ महिन्यांपूर्वी माझी थायरॉइडची पूर्ण ग्रंथी काढली. गळ्यात गाठी होत्या, श्वासनलिकेवर दाब येत होता. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. पण तेव्हापासून ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. दोनदा हाताची बोटं आखडून एकमेकांना चिकटली. नावं आठवत नाहीत, सतत मरगळ असते. घरचे म्हणतात, ऑपरेशनची धास्ती घेतली आहेस, सगळं टेन्शन आहे. मुंग्या सुरू झाल्या की मला घाबरायला होतं, धाप लागते, त्यामुळे मलाही त्यांचंच खरं वाटू लागलं आहे. विसरायला नको म्हणून थायरॉइडची, कॅल्शियमची आणि लोहाची गोळी सकाळी नाश्त्याबरोबर एकदमच घेते. टीएसएच (थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा) तरीही जास्त येतं, म्हणून थायरॉइडच्या गोळीचा डोस दोनदा वाढवला. केस गळतात म्हणून बायोटिन नावाचं व्हिटॅमिन सुरू केलं आहे. मागच्या महिन्यात कॅल्शियम नॉर्मल आलं, तर ते बंद करू का? जन्मभर गोळ्यांवरच जगायचं का? सर्जननी काही चूक केली का, हा विचार झोपू देत नाही. आणि माझ्या धाकट्या बहिणीलाही हेच ऑपरेशन सांगितलं आहे. तिला काय सांगू?

उत्तर :

ताई, कॅल्शियमची गोळी स्वतःहून बंद करू नका. बाकीचं सविस्तर सांगते, पण ही गोष्ट आधी. गोळी चालू असताना रिपोर्ट नॉर्मल आला, याचा अर्थ गोळी तिचं काम करते आहे. तुमच्या शरीराला आता तिची गरज उरलेली नाही, असं त्यावरून ठरत नाही.

दुसरं म्हणजे, हे टेन्शन नाही. तपासण्या झाल्याशिवाय तरी तसं म्हणण्याचा हक्क कुणालाही नाही. थायरॉइड काढल्यानंतर ओठांभोवती मुंग्या, पोटऱ्यांत गोळे आणि बोटं आखडणं हे सगळं एकत्र दिसलं, तर डॉक्टरांच्या मनात पहिला संशय रक्तातल्या कॅल्शियमचा यायला हवा.

तुम्ही थायरॉइडच्या ऑपरेशनबद्दल लिहिलं आहे, पण त्रास बहुधा दुसऱ्याच ग्रंथींचा आहे. थायरॉइडच्या मागच्या बाजूला चार छोट्या ग्रंथी असतात. प्रत्येक जेमतेम काही मिलिमीटरची, वजन ग्रॅमच्या एक दशांशाहूनही कमी. त्या पॅराथायरॉइड. नावात थायरॉइड असलं तरी दोघींच्या कामाचा एकमेकींशी संबंध नाही. रक्तातलं कॅल्शियम मिनिटामिनिटाला जागेवर ठेवणं हे पॅराथायरॉइडचं काम. कॅल्शियम जरा घसरलं की त्या पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात. पीटीएच हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं, मूत्रपिंडाला कॅल्शियम लघवीतून वाया घालवू देत नाही आणि त्याच मूत्रपिंडाकडून व्हिटॅमिन डीचं कामाचं रूप तयार करून घेतं, म्हणजे आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने माणसातल्या या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० साली प्रसिद्ध केलं. त्या इतक्या लहान आहेत आणि आजूबाजूच्या चरबीत इतक्या मिसळून जातात, की तोवर शरीराची चिरफाड करून शिकणाऱ्यांनाही त्या नीट दिसल्या नव्हत्या.

तुमच्या सर्जनविषयीच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर यातच आहे. पॅराथायरॉइडला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या थायरॉइडच्याच धमन्यांतून येतात. थायरॉइड सोडवताना कसबी हातांकडूनही त्या ताणल्या जातात, आखडतात, कधी तुटतात. एखादी ग्रंथी थायरॉइडच्या आतच दडलेली असते आणि तिच्याबरोबर निघून जाते. पूर्ण थायरॉइड काढल्यावर पॅराथायरॉइड काही आठवडे मंदावणं हा या ऑपरेशनचा सगळ्यात जास्त आढळणारा त्रास आहे. बहुतेकांचा भरून निघतो, थोड्यांचा कायमचा राहतो. म्हणून एवढ्यावरून चूक झाली असं मी म्हणणार नाही.

पण एका गोष्टीसाठी तुम्ही रागावलात तर तो राग रास्त आहे. हे होऊ शकतं, ते कसं ओळखायचं आणि झालं तर कुणाकडे जायचं, हे तुम्हाला ऑपरेशनच्या आधी आणि घरी सोडताना समजावून सांगायला हवं होतं. संमतीच्या कागदावर ते बहुधा बारीक अक्षरात असेल. सही घेतली म्हणजे सांगितलं, असं होत नाही. आठ महिने तुम्ही स्वतःच्या मनावर संशय घेत काढलेत, ते या न सांगण्यामुळे.

ऑपरेशनच्या नोंदीची आणि काढलेल्या ग्रंथीच्या तपासणी अहवालाची प्रत मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. नोंदीत किती पॅराथायरॉइड दिसल्या, किती जागेवर राखल्या, एखादी काढून मानेच्या किंवा हाताच्या स्नायूत पुन्हा रोवली का, हे लिहिलेलं असू शकतं. काढलेल्या भागात पॅराथायरॉइडचा तुकडा सापडला असेल तर तपासणी अहवालात त्याचा उल्लेख येतो. दोष ठरवण्यापेक्षा पुढचा अंदाज बांधायला या कागदांचा जास्त उपयोग होतो.

आता घाबरण्याविषयी, कारण घरातले आणि तुम्ही तिथेच फसला आहात. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की नसा हळव्या होतात आणि कारण नसताना संदेश सोडू लागतात. मुंग्या येतात. मुंग्या आल्या की माणूस घाबरतो आणि भराभर श्वास घेऊ लागतो. भराभर श्वासाने शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं आणि मोकळ्या कॅल्शियमपैकी आणखी काही भाग रक्तातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो. नसांच्या कामी येतं ते हे मोकळं कॅल्शियमच. ते आणखी घटतं, मुंग्या वाढतात, बोटं आखडतात आणि भीती दुप्पट होते. कॅल्शियम अगदी ठीक असलेल्या माणसालाही घाबरून भराभर श्वास घेतल्यावर अशाच मुंग्या येऊ शकतात, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. फरक रक्त सांगतं. त्रास चालू असतानाच, किंवा त्यानंतर लवकरात लवकर, रक्त द्या. तेवढा एक नमुना कधीकधी वर्षभराच्या वादाचा निकाल लावतो. संथ श्वास घेतल्यावर थोडं बरं वाटलं, म्हणून आजार मनाचाच होता असं कुणी म्हणालं, तर हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या.

तपासण्या कोणत्या, ते सांगते. कॅल्शियमबरोबर अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, कारण अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा उगाच कमी दिसतो. सोय असेल तिथे मोकळं म्हणजे आयोनाइज्ड कॅल्शियम. फॉस्फरस, मॅग्नेशियम, व्हिटॅमिन डी, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि पीटीएच. मॅग्नेशियम बरेचदा राहून जातं. ते फार कमी असेल तर उरलेल्या पॅराथायरॉइडही पीटीएच सोडू शकत नाहीत आणि कितीही कॅल्शियम घेतलं तरी आकडा हलत नाही. एकदा ईसीजीही काढा, कारण कॅल्शियम खूप उतरलं तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

पीटीएच वाचताना एक खुबी लक्षात ठेवा. कॅल्शियम कमी असताना पीटीएच उसळी मारून वर जायला हवं. अशा वेळी तो आकडा छापील मर्यादेत असला आणि त्यापुढे नॉर्मल लिहिलेलं असलं, तरी तो नॉर्मल नाही. ग्रंथी हाकेला ओ देत नाहीत, असाच त्याचा अर्थ. दोन्ही आकडे एकाच वेळच्या रक्तातले असावेत. आणि दर वेळी रक्त सकाळची कॅल्शियमची गोळी घेण्याआधी द्या. गोळी घेऊन दोन तासांनी दिलेलं रक्त हे त्या गोळीचं प्रगतिपुस्तक असतं.

बायोटिन तूर्त बंद ठेवा. अनेक प्रयोगशाळांच्या संप्रेरक तपासण्यांत बायोटिनच वापरलेलं असतं. बाहेरून घेतलेलं बायोटिन त्यात मिसळलं की टीएसएच आणि पीटीएच खोटे कमी दिसू शकतात. रक्त देण्याच्या किमान दोन दिवस आधी ते थांबवायचं असतं, डोस मोठा असेल तर त्याहून आधी. आणि तुमचे केस बायोटिनच्या कमतरतेने गळत असतील असं मला वाटत नाही. टीएसएच चढलेलं असताना केस गळू शकतात.

ते टीएसएच का चढलेलं राहतं, हे तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही तिन्ही गोळ्या एकदम घेता. कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या संप्रेरकाला, आतड्यातच धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसं पोचत नाही. डोस दोनदा वाढला, पण वाढवलेला डोसही तसाच अडकत राहिला. गोळी कधी आणि कशाबरोबर घेता, हे त्या दोन भेटींत कुणी विचारलं असतं तर फार सोपं झालं असतं.

उद्यापासून असं करा. थायरॉक्सिन उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, फक्त पाण्याबरोबर. नंतर अर्धा ते एक तास काही खाऊ नका. कॅल्शियम आणि लोह त्यानंतर किमान चार तासांनी, आणि तीही एकमेकांपासून लांब, कारण कॅल्शियम लोहालाही अडवतं. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर, कारण ते विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. ॲसिडिटीची रोजची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, अशा वेळी कॅल्शियम सायट्रेट बरं पडतं. दिवसाचं कॅल्शियम एकदम न घेता दोन-तीन वेळांत वाटलेलं चांगलं शोषलं जातं. सकाळीही कॅल्शियम घ्यावंच लागत असेल तर थायरॉक्सिन रात्री झोपताना घेता येतं. मात्र शेवटचं खाणं होऊन तीन तास आणि शेवटचं कॅल्शियम घेऊन चार तास झालेले हवेत.

यात एक धोका आहे. वेळा सुधारल्या की आजवर अडकणारा वाढीव डोस पूर्णच्या पूर्ण रक्तात जाऊ लागेल आणि तो कदाचित तुम्हाला जास्त होईल. म्हणून वेळा बदलल्याचं डॉक्टरांना कळवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघा. त्याआधी बघून उपयोग नाही. थायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे नवी पातळी स्थिरावायला तेवढा अवधी द्यावा लागतो. दरम्यान छातीत धडधड, हाताला कंप किंवा कारणाशिवाय वजन घटू लागलं, तर थांबू नका, लगेच दाखवा.

तुमच्या चिठ्ठीत कॅल्सिट्रायॉल आहे का, हे पत्रावरून कळलं नाही. साधं व्हिटॅमिन डी पीटीएचच्या मदतीशिवाय नीट कामाला लागत नाही. कॅल्सिट्रायॉल हे त्याचं तयार, कामाचं रूप, म्हणून पॅराथायरॉइड मंद असताना ते वेगळं द्यावं लागतं. फक्त कॅल्शियम वाढवत नेऊन भागत नाही. आणि स्वतःच्या मनाने वाढवत तर मुळीच नेऊ नका. पीटीएच नसलं की मूत्रपिंड कॅल्शियम लघवीतून सोडून देतं. रक्तातला आकडा मर्यादेच्या वरच्या टोकाला नेण्याच्या नादात लघवीत कॅल्शियमचा पूर येतो, मूतखडे होतात आणि कालांतराने मूत्रपिंडाला इजा पोचते. म्हणून डॉक्टर मुद्दाम आकडा मर्यादेच्या खालच्या काठापाशी, म्हणजे मुंग्या येणार नाहीत इतपतच वर, ठेवतात. तुमचा आकडा काठावर असताना ते समाधानी दिसले, तर तो हलगर्जीपणा नव्हे. अधूनमधून चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियम मोजणं याच कारणासाठी. फार तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगी ही कॅल्शियम जास्त झाल्याची लक्षणं.

सांभाळायच्या वेळाही सांगून ठेवते. उलट्या किंवा जुलाब सुरू झाले की गोळ्या पोटात टिकत नाहीत आणि कॅल्शियम एक-दोन दिवसांत घसरू शकतं. अशा वेळी घरी वाट बघू नका. बोटं आखडून सुटत नसतील, घसा आवळल्यासारखा होऊन श्वासाला आवाज येत असेल, झटका आला किंवा ठोके चुकू लागले, तर सरळ रुग्णालय गाठा. तिथे कॅल्शियम शिरेतून द्यावं लागतं. पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवा : थायरॉइड काढलेली आहे, पॅराथायरॉइड काम करत नसण्याची शक्यता आहे, अमुक गोळ्या चालू आहेत. पुढे कधी हाडं ठिसूळ झाली म्हणून कुणी ताकदीचं इंजेक्शन सुचवलं, तर ही चिठ्ठी आधी दाखवा, कारण त्यांतली काही इंजेक्शनं कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत खाली नेऊ शकतात.

जन्मभर गोळ्या का, या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं आहेत. थायरॉक्सिन जन्मभर. ग्रंथी पूर्ण गेली आहे आणि तिचं काम शरीराला रोज हवं आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथले थिओडोर कोखर हे थायरॉइडच्या शस्त्रक्रियेतले त्यांच्या काळातले सर्वांत निष्णात सर्जन. ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली होती, त्या आपल्या जुन्या रुग्णांना त्यांनी पुन्हा बोलावून तपासलं, आणि त्यांतले बरेच जण सुजलेले, मंदावलेले, थिजल्यासारखे झालेले दिसले. ऑपरेशन उत्तम झालं होतं, त्यानंतर जे घडत होतं ते दिसायला रुग्णाला परत बोलवावं लागलं. कोखर यांनी हे १८८३ साली जाहीर केलं आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं सोडून दिलं. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. १८८३ मध्ये मात्र या रुग्णांना द्यायला काहीच नव्हतं. १८९१ मध्ये जॉर्ज मरी या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी थायरॉइड मंदावलेल्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचायला सुरुवात केली. ४६ वर्षांच्या त्या बाई पुढे २८ वर्षं जगल्या. आज तुमच्या हातात असलेली गोळी म्हणजे शरीर बनवत होतं तेच संप्रेरक, मायक्रोग्रॅममध्ये मोजून दिलेलं. तिची सवय लागेल ही भीती सोडा. तुमच्या शरीराला या संप्रेरकाची सवय जन्माच्या आधीपासून आहे.

कॅल्शियमचं उत्तर अजून ठरलेलं नाही. सहा महिन्यांनंतरही पॅराथायरॉइड जाग्या झाल्या नाहीत तर बहुतेक डॉक्टर कमतरता कायमची मानू लागतात, काही जण वर्षभर थांबतात. त्यानंतरही त्या सावरल्याची उदाहरणं आहेत. पीटीएच मोजता येण्याजोगं असेल तर डॉक्टर गोळ्या थोड्या थोड्या कमी करत, मध्ये रक्त बघत, प्रयत्न करतील. तो प्रयोग घरी एकटीने करायचा नाही. आणि गोळ्यांनी कॅल्शियम सतत वरखाली होत राहणाऱ्यांसाठी आता पीटीएचचंच रोजचं इंजेक्शन निघालं आहे. पॅलोपेगटेरिपॅराटाइड नावाच्या अशा औषधाला युरोपात २०२३ आणि अमेरिकेत २०२४ साली मंजुरी मिळाली. तुम्हाला त्याची गरज पडेलच असं नाही, पण वाट तिथे संपत नाही हे माहीत असावं. या सगळ्यासाठी एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच.

तुमचं पत्र वाचताना इतर पत्रं आठवत राहिली. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयं काढल्यावर रजोनिवृत्ती एका रात्रीत येते, आणि घरात म्हणतात, चिडचिडी झाली आहे. स्वादुपिंड काढल्यावर मधुमेह होतो. गलगंडासाठी किरणोत्सारी आयोडीन घेतल्यावर किंवा मानेला रेडिएशन झाल्यावर थायरॉइड काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी मंदावतं आणि तोवर उपचाराशी त्याचा संबंध कुणालाच आठवत नाही. मूत्रपिंडांवरच्या दोन्ही अधिवृक्क (ॲड्रीनल) ग्रंथी काढलेल्यांनी किंवा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचं ऑपरेशन झालेल्या ज्यांना स्टेरॉइडची गोळी लागते त्यांनी ती एक दिवसही चुकवू नये. ताप किंवा उलट्या असताना तिचा डोस वाढवावा लागतो, नाहीतर जिवावर बेतू शकतं. यांतलं कुणी हे वाचत असेल, तर आपली लक्षणं आणि आपलं जुनं ऑपरेशन, दोन्ही एकाच वाक्यात डॉक्टरांना सांगा.

आता बहिणीचं. तुमच्या अनुभवाने घाबरून तिने ऑपरेशन टाळू नये, पण प्रश्न मात्र विचारावेत. पूर्ण ग्रंथी काढायलाच हवी का, की अर्धी काढून भागेल? अर्धी काढली तर दुसऱ्या बाजूच्या पॅराथायरॉइडना हात लागत नाही आणि उरलेली थायरॉइड अनेकांना पुरते. सर्जन वर्षाला अशी किती ऑपरेशनं करतात? हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी विचारावा. जे नियमित करतात त्यांच्या हातून अशा गुंतागुंती कमी होतात, हे पुन्हापुन्हा दिसलं आहे. ऑपरेशनच्या आधी तिचं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासून, कमी असेल तर भरून घ्यावं. ऑपरेशननंतर कॅल्शियम सर्वांत खाली जातं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे नेमकं रुग्ण घरी पोचल्यावर. म्हणून घरी सोडण्याआधी पीटीएच आणि कॅल्शियम बघतील का, त्या आठवड्यात पुन्हा रक्त कधी द्यायचं आणि रात्री मुंग्या आल्या तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे तिने ऑपरेशनची तारीख ठरवतानाच कागदावर लिहून घ्यावं.